घराचं पासिंग

आमची घरं दोन. एक तळोद्यात, विटांचं, ते जागचं हलत नाही. दुसऱ्याला चाकं आहेत, आणि ते जागचं हलू नये म्हणून काय काय चाललेलं होतं ते मला फार उशिरा कळलं.

हे दुसरं घर म्हणजे एक जुनी मिनीबस. कधीकाळी ती शाळेची मुलं नेत असे. माझ्या सासऱ्यांनी ती घेतली, सुतार बसवून आतली बाकं काढून टाकली आणि तिथे पलंग, पलंगाखाली पेट्या, पाण्याची टाकी, गॅसची शेगडी आणि भिंतींना आकडे असं सगळं करून घेतलं. आमचा धंदा घोड्यांच्या साजाचा. खोगीर, लगाम, रंगीत गोंडे, गळ्यातल्या घुंगरमाळा. सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा हा आमचा वर्षाचा मोठा सण, आणि यात्रेत राहायचं ते या गाडीत. वरून निळा रंग दिलाय, पण कुठे घासली की आतून पिवळी शाळा डोकावते. तिला आमच्याकडे कुणी गाडी म्हणत नाही. 'घर काढा', 'घरात डिझेल टाका', 'घराचं पंक्चर निघालं का' असं बोलणं चालतं. नव्या पाहुण्याला वाटतं, या लोकांचं काहीतरी बिनसलंय.

सासरे गेले तेव्हा धंदा आमच्या ह्यांच्याकडे आला आणि स्टिअरिंग माझ्याकडे. ह्यांच्याजवळ लायसन आहे, धैर्य नाही. समोरून उसाचा ट्रक आला की हे दोन्ही पाय वर घेतात, मग गाडी स्वतः चालवत असोत की शेजारी बसलेले असोत. मी शाळेत मराठी शिकवायचे. सातवीचा वर्ग हाकलेल्या बाईला मिनीबस काय जड? आधी सुट्टी काढून चालवायचे, आता निवृत्त झाल्यावर हक्कानं चालवते. रस्त्यात लोक वळून बघतात. बघोत बापडे.

पण हे घर खरं म्हणजे सासूबाईंचं. तळोद्याच्या घरातलं स्वयंपाकघर माझं आहे आणि माझा स्वभाव काही लोण्याचा नाही. त्यांनी पातेलं उचललं की मी म्हणते, राहू द्या आई, मी करते. त्या गप्प ओट्यावर जाऊन बसतात. बसून बसून दिवस काढतात. चाकांवरच्या घरात मात्र शेगडी त्यांच्या मापानं बसवलेली आहे. सासऱ्यांनी त्यांना पाटावर बसवून हात पुढे करायला लावला होता आणि हात जिथे पोचला तिथे सुतारानं खूण केली होती. मीठ, मिरची, तवा, पाणी, सगळं हाताशी. तिथे मी उपरी. 'जाय, पानी भरी आन,' असं मला ठणकावून सांगतात आणि मी निमूट जाते. यात्रेत ओळखीचे घोडेवाले चहाला येतात ते त्यांच्याकडे, आमच्याकडे नव्हे. दिवाळीचे दिवे विझायच्या आत त्यांचं सुरू होतं, 'घर कवय निंघी?' कधी निघणार घर? त्यांच्या वयाला सारं वर्ष त्या पंधरवड्यावर काढायचं असतं, हे मी बघत आलेली आहे.

त्यांच्या काही खोडी होत्या. गाडी कुठे थांबली की सगळ्यांच्या आधी खाली उतरायच्या त्या. गुडघे दुखतात म्हणून तळोद्यात दोन पायऱ्या चढायला भिंत धरणारी बाई इथे माझं इंजिन बंद व्हायच्या आत जमिनीवर. आणि निघताना सगळ्यांच्या शेवटी चढायच्या. मी चिडवायचे, 'आई, सिट काय कोनी पळाई लई जाई राहिना का?' त्या हसायच्या. दुसरी खोड खिडकीची. गाडीला दोन्ही बाजूंना खिडक्या आहेत. यात्रेत आमची जागा ठरलेली, तापीकडे उतरणाऱ्या उतारावर, आणि घोडे पळवून दाखवायची पट्टी गाडीच्या उजव्या अंगाला. सासूबाई बसायच्या डाव्या खिडकीत. तिथून काय दिसायचं? चिखल, आमचंच मागचं चाक आणि शेजारच्या चहावाल्याचं खरकटं. मी दर वर्षी म्हणायचे, इकडे या, घोडे बघा. 'माले आठेच बरं शे,' मला इथेच बरं, एवढंच उत्तर. आता सुनेनं सुचवलेली खिडकी कोणती सासू पत्करेल, असं मी मनात म्हणायचे.

तिसरी गोष्ट खोड नव्हे, देव. पलंगाखालच्या पेटीत लाल फडक्यात बांधलेला एक काळा तिकोनी दगड असायचा. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तो तिथे बघते. यात्रेला निघायच्या दिवशी आम्ही गाडीची पूजा करतो, नारळ फोडतो, चाकांखाली लिंबं ठेवतो. त्या दिवशी मी पेटी उघडून त्या दगडालाही हळदकुंकू वाहायचे. घरचा देव म्हटल्यावर विचारायचं काय? सासूबाई बघत असायच्या. कधी नाही म्हणाल्या नाहीत.

तर अशा या घराचं पासिंग आलं.

गाडी जुनी झाली की दर काही वर्षांनी तिला नंदुरबारला पासिंगला न्यावं लागतं. मैदानात इन्स्पेक्टर येतात, गाडी बघतात, थोडी चालवायला लावतात. पास झाली तर पुढची वर्षं मिळाली. नापास झाली तर दुरुस्त करून पुन्हा आणा, नाहीतर भंगारात घाला. आता यात आमच्या गावची एक रीत आहे. तळोद्याहून डोंगरातल्या गावांना जाणाऱ्या जीप बहुतेक म्हाताऱ्या. त्यांचं पासिंग करून देणारा आमचा मिस्त्री. त्याच्या गॅरेजच्या कोपऱ्यात एक संच ठेवलेला असतो. चांगले टायर, चकचकीत हेडलाइट, वायपर, जोरदार हॉर्न, प्रथमोपचाराची पेटी आणि आग विझवायचं लाल नळकांडं. ज्या गाडीचं पासिंग, तिच्या अंगावर तो संच चढतो. गाडी नंदुरबारला जाते, पास होते, परत येते आणि संध्याकाळी सगळं उतरवून पुढच्या गाडीला. शिवाय गाडी रिकामी करून न्यायची, म्हणजे ब्रेक पटकन लागतो. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमाला शेजारणीच्या बांगड्या घालतात तसाच हा प्रकार, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मिस्त्री तर याला सेवा म्हणतो.

मागच्या खेपेला आमचं घरही तो साज लेवून पास झालं होतं. तेव्हा मलाही काही वाटलं नव्हतं.

पण पावसाळ्याआधी एक जीप डोंगरातल्या चढावर थांबवलेली असताना आपोआप मागे निघाली. नशीब असं की मागे सागाची दाट लावण होती, तीत ती जाऊन टेकली. माणसांना नुसतं खरचटलं, आणि बाजाराला नेत असलेला एक कोंबडा सुटून पळाला तो कुणाला सापडला नाही. जीप ओढून गॅरेजला आणली तेव्हा मी तिथेच होते. आठवड्यापूर्वी तिचं पासिंग झालेलं, काचेवरचा कागद कोरा करकरीत. आणि मिस्त्री निर्विकारपणे सांगत होता की पासिंगच्या दिवशी हिचा ब्रेक फार छान लागला होता. मला असा राग आला की विचारू नका. त्या कागदावर भरवसा ठेवून चढावर उभी राहिलेली माणसं आणि माझी सासू यांत मला फरक दिसेना.

घरी येऊन मी जाहीर केलं की यंदा घर साज न घालता जाईल. आपल्या टायरांवर, आपल्या दिव्यांवर. आणि रिकामं जाणार नाही. पाण्याची टाकी भरून, पेट्या, खोगीर, भांडी, गाद्या सगळं घालून. जसं राहतो तसं.

ह्यांनी ताट बाजूला सारलं. 'म्हंजे नापास व्हवाले चालनी का तू?'

'घोडा ईकत लेताना गिऱ्हाईक काय करस?' मी विचारलं. 'खोगीर उतराले लावस ना? पाठ देखस, मंग वझं टाकीसन चालाडस. तुम्हीच सांगतस ना सगळासले?'

यात्रेत येणाऱ्या प्रत्येक नवख्या माणसाला हे स्वतः हेच ऐकवतात. पण हे दुसऱ्या वाटेनं आले. त्यांना ही गाडी नकोच होती. सुरतेच्या भावानं डोक्यात भरवलं होतं की यात्रेत आता तयार तंबू भाड्यानं मिळतात, कशाला हा लोखंडी डबा ओढत फिरता. म्हणाले, ठीक आहे, जशी आहे तशी ने. पास झाली तर ठेवू. नापास झाली तर पुन्हा दुरुस्तीच्या नादी लागायचं नाही, सरळ भंगारात. मान्य?

मी तावात होते. म्हटलं, मान्य.

मागे वळून बघते तो दारात सासूबाई. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ह्या बाईचं घर मी बोलता बोलता पणाला लावलं होतं, आणि तिला विचारलंही नव्हतं. मला वाटलं आता ऐकवतील. त्या फक्त म्हणाल्या, 'मी भी येसू.'

मी म्हटलं, आई, तिथे उन्हात ताटकळावं लागतं.

'मन्हं घर तपासाले लई जाई ऱ्हायनात ना? मंग घरमा मी नको का?'

नंतर मिस्त्रीनं माझी मनधरणी केली. 'बाई, निदान टायर तरी घाला. निदान हॉर्न!' मी ऐकलं नाही. साज न मागता पासिंगला चाललेलं गिऱ्हाईक त्याला आयुष्यात पहिलंच भेटलं होतं. परीक्षेला पुस्तक न उघडता बसणाऱ्या मुलाकडे मी ज्या नजरेनं बघायचे, त्या नजरेनं तो माझ्याकडे बघत राहिला.

आम्ही निघालो. तापीचा पूल ओलांडताना मागे भांडी वाजत होती आणि घुंगरमाळा एका सुरात झुलत होत्या. हे शेजारी बसून देवाचं नाव घेत होते. घर नापास व्हावं म्हणून घेत होते की पुलावरून पडू नये म्हणून, ते मी विचारलं नाही. सासूबाई मागे पलंगावर, डाव्या खिडकीला.

मैदानात रांग होती. पुढे दोन जीप, दोन्ही रिकाम्या, धुतलेल्या, नटलेल्या. इन्स्पेक्टर मध्यमवयाचे, बाहेरच्या जिल्ह्यातले, उन्हानं वैतागलेले. एका जीपमधलं लाल नळकांडं त्यांनी हातात घेतलं, त्याच्या बुडावरच्या पोचाकडे पाहिलं आणि माझ्या देखत त्याला म्हणाले, 'काय, कसं काय? परवाच भेटलो ना आपण?'

मग आमच्याकडे आले. आमचे टायर पाहून भुवया वर गेल्या. आत डोकावले तर खोगिरांच्या राशी, गाद्यांची वळकटी, शेगडी, टाकी, आणि मधोमध एक म्हातारी बाई, जी त्यांना म्हणाली, 'या, बठा. चहा ठेवू का?'

'हे काय आहे?' त्यांनी मला विचारलं.

'घर आहे,' मी म्हटलं. 'आम्ही यात्रेत यात राहतो. जसं राहतो तसंच आणलंय. तुम्ही खरं काय ते सांगा.'

त्यांनी रुमालानं मान पुसली. मग म्हणाले, 'बाई, मला इथे रोज गाड्यांचे कपडे दाखवतात. कपडे पास करतो आणि घरी जातो. अंगात काय आहे ते बघा म्हणणारं माणूस विरळा.' आणि शर्टाच्या बाह्या सारून त्यांनी खरोखरच तपासायला घेतलं. दिवे, वायपर, स्टिअरिंगचा ढिलेपणा, गॅसची नळी. नळी बदला म्हणाले. पुढचे टायर बदला म्हणाले. पायाचा ब्रेक सपाटीवर लावून पाहिला, तो त्यांना बरा वाटला. मला धीर आला. मग ते माझ्या शेजारच्या सीटवर बसले आणि मैदानातून रस्त्याला लागणाऱ्या चढाकडे बोट दाखवलं.

'तिथे मध्यावर उभी करा. हँडब्रेक ओढा आणि गिअर काढा.'

मी कधी तसं करत नाही. मी नेहमी गिअर टाकते आणि वर हँडब्रेक ओढते, शाळेत कुलूप लावून वर कडी घालायची सवय होती तशी. पण सांगितलं तसं केलं. चढावर उभी केली, हँडब्रेक ओढला, गिअर काढला, पाय उचलला.

घर मागे निघालं.

हळूच, कुणाला त्रास नको अशा बेतानं, पण निघालं. एक पितळी तांब्या पुढून मागे घरंगळत गेला. मी पाय ब्रेकवर दाबला तेवढ्यात मागचं दार उघडल्याचा आवाज आला आणि सासूबाईंचा ओरडा, 'थांब वं, मी उतरनू!' आरशात बघते तर ज्या बाईला दोन पायऱ्यांना भिंत लागते ती खाली उभी, लाल फडकं खांद्यावर, हातात माझा देव. दोन्ही हातांनी तिनं तो मागच्या चाकाखाली सारला, पायानं एक ठोसा मारून घट्ट बसवला आणि माझ्याकडे हात हलवला. 'हां, सोड आते.'

मी पाय सोडला. घर हललं नाही.

बाहेर हे उभे होते, ते तसेच उभे राहिले. इन्स्पेक्टर खाली उतरले. दगडापाशी वाकले. त्यावर माझ्या वर्षानुवर्षांच्या हळदकुंकवाचे थर होते आणि चाकाकडच्या बाजूला, जी पूजेत खाली असायची, टायरची काळी नक्षी. त्यांनी विचारलं, 'आजी, हे केव्हापासून?'

'मालक व्हते तवयपासून. ब्रेक कोठे धरस घरना? मालक सांगेत, तू उतर नी दगड लाव. मंग मन्हंच काम व्हई गयं.'

'आणि घरच्यांना माहीत नाही?'

सासूबाईंनी आमच्याकडे पाहिलं. शाळेत खिडकीची काच फोडलेल्या पोरीसारखा चेहरा झाला होता त्यांचा. 'सांगतू तं घर भंगारमा घाली देतात ना.'

मला हसू आलं आणि मग एकदम रडू आलं, आणि दोन्ही एका वेळी कसं आवरायचं ते मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी त्या उतारावर घर लावत होते, हँडब्रेक ओढून ऐटीत उतरत होते, आणि नुसत्या गिअरवर न टिकणारं ते भरलेलं घर धरून ठेवत होती ही बाई. आधी उतरायची ती दगड लावायला. शेवटी चढायची ती दगड काढायला. आणि मी तिला सिट कोण पळवतंय म्हणून चिडवत होते.

'तुम्ही मला हळदकुंकू वाहू दिलंत त्याला?' मी विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

'वाहू दे म्हनं,' त्या म्हणाल्या. 'काम तं देवनंच करी ऱ्हायना व्हता.'

इन्स्पेक्टरांनी शेरा लिहिला: हँडब्रेक, मागचे ब्रेक, टायर, गॅसची नळी. नापास. दुरुस्त करून पुन्हा आणणे. मला म्हणाले, 'वाईट वाटून घेऊ नका.' मी म्हटलं, वाटलंय.

परतीच्या वाटेत घुंगरमाळा वाजत होत्या. ठराव माझ्या तोंडून झाला होता आणि शब्द फिरवायचा कसा या विचारात मी होते. नापास म्हणजे भंगार, असंच ठरलं होतं. मी मनात वकिली चालवली, की 'पुन्हा आणणे' लिहिलंय, म्हणजे हा नापास पूर्ण नापास नव्हे. आठवीच्या मुलाला पुरवणी परीक्षा असते तसं. मागून सासूबाईंचा आवाज आला. त्या आपल्याशीच बोलल्यासारखं बोलल्या.

'मांगला पास खोटा व्हता. हाऊ नापास तरी खरा शे.'

तळोद्यात शिरताना मी विटांच्या घराकडे वळवू लागले तर ह्यांनी स्टिअरिंगवर हात ठेवला. समोर ट्रक नव्हता आणि पाय खाली होते. म्हणाले, 'गॅरेजले ले.'

'भंगारनं काय?' मी विचारलं.

ह्यांनी मागे वळून पलंगाकडे पाहिलं. 'मन्ही माय दगड धरीसन उभी ऱ्हास नी मी तंबू भाडाले लेसू का? ले म्हनस ना गॅरेजले.' आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांचा इतका अभिमान मला त्या आधी एकदाच वाटला होता, आणि तेव्हाचं कारण आता आठवत नाही.

मिस्त्रीनं आम्हाला बघितलं आणि सांगितलंच होतं मी, असं तोंड केलं. संचातले टायर तो काढूनही ठेवत होता. हे त्याला म्हणाले की आम्हाला घालायला नको, राहायला पाहिजे. नवे टायर आण, मागचे ब्रेक उघड, हँडब्रेकची केबल नवी टाक, आणि आम्ही इथे खुर्ची टाकून बसतो. खरंच बसलो. सासूबाईही बसल्या. केबल काढली तर ती आत कुठेतरी धाग्यावर लोंबत होती. मिस्त्री म्हणाला, मागच्या पासिंगला मीच तारेनं बांधून दिली होती, एका दिवसापुरती. मी तोंड उघडणार तेवढ्यात सासूबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला आणि त्याला म्हणाल्या, 'आते कायमनी बांध, भाऊ.' तो मान खाली घालून कामाला लागला. पण सेवा त्यानं बंद केलेली नाही. लाल नळकांडं अजून नंदुरबारला जातं-येतं. फक्त जीपवाल्यांना आता आधी म्हणतो म्हणे, हँडब्रेक बघून घेऊ का? कुणी हो म्हणतं, कुणी नाही.

दुसऱ्या खेपेला इन्स्पेक्टरांनी लांबूनच ओळखलं. 'देव आणलाय का?' मी पेटी दाखवली. 'आज पेटीतच राहू दे.' चढावर मध्यावर उभी केली, हँडब्रेक ओढला, गिअर काढला. पाय उचलला. मागे सासूबाई दाराच्या कडीवर हात ठेवून, उडी मारायच्या तयारीत. तांब्या हलला नाही. इन्स्पेक्टरांनी मुद्दाम वेळ काढला, खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, आकाशाकडे पाहिलं. घर तिथेच. मग त्यांनी सासूबाईंकडे चहा मागितला आणि चढावर तिरक्या उभ्या राहिलेल्या घरात बसून तो प्यायले.

यात्रेला निघताना पूजा केली तेव्हा दगडाला हळदकुंकू वाहू की नको, असा मला प्रश्न पडला. वाहिलं. इतक्या नोकरीनंतर त्याला निरोपाचा मान द्यायला नको?

सारंगखेड्याला आमच्या त्याच जागी, त्याच उतारावर घर लावलं. मी हँडब्रेक ओढला. सवयीनं सासूबाई सगळ्यांच्या आधी खाली, हातात लाल फडकं. चाकापाशी जाऊन उभ्या राहिल्या. दगड काही त्यांनी लावला नाही. नुसत्या चाकाकडे बघत राहिल्या, आणि मला जाणवलं की त्यांना दगड परत ठेवणं जड जातंय. त्यांच्या हातचं एक काम गेलं होतं. मी हाक मारली, 'आई, चहा टाका ना, घोडेवाला येई ऱ्हायना.' त्या वर आल्या. दगड शेगडीशेजारी ठेवला, वाऱ्यानं दार आपटतं तिथे. आता तो दार धरतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा ऊन गाडीत आलं होतं, आणि सासूबाई झोपलेल्या होत्या. मी घाबरले. यात्रेत मी त्यांना कधी झोपलेलं पाहिलं नव्हतं. मी जेव्हा जेव्हा डोळे उघडायचे, तेव्हा त्या डाव्या खिडकीत बसलेल्या असायच्या, आणि मी म्हणायचे, म्हातारपणी झोप कमी होते. त्यांच्या श्वासाकडे बघत मी पलंगाच्या कडेला बसले. डाव्या खिडकीतून बाहेर नजर गेली. तिथून मागचं चाक दिसत होतं. चाकाच्या खालची जागा दिसत होती. त्या खिडकीतून तेवढंच नीट दिसतं.

मी बराच वेळ तिथेच बसून राहिले. चहावाला खरकटं टाकून गेला.

त्या उठल्या तेव्हा उजवीकडे घोडे पळायला सुरुवात झाली होती. टापांचा आवाज, माणसांचा गलका. मी काही म्हटलं नाही. इतकी वर्षं या बाबतीत मी फार बोलले होते. त्या पाटावरून उठल्या, डाव्या खिडकीशी गेल्या, चाकाकडे एकदा पाहिलं, आणि पदर सारखा करत उजव्या खिडकीत येऊन बसल्या. समोरून एक पांढरी घोडी मान ताठ करून गेली, गळ्यात आमचीच घुंगरमाळ. सासूबाईंनी माझा दंड धरून ओढला.

'अय वं, देख ना! आठेन तं घोडा दिखतस!'

'हो आई,' मी म्हटलं, आणि त्यांच्याजवळ सरकून बसले.